तालीममास्तर देवल

पनवेलच्या नाट्यगृहाला शिरढोणच्या क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचं नाव आहे. १८७९च्या जुलैत फडके पकडले गेले आणि पुण्यात त्यांच्यावर खटला उभा राहिला. त्याच सुमारास आर्योद्धारक नाटक मंडळी शेक्सपिअर मराठीत उभा करत होती. या मंडळीशी जवळचा संबंध असलेले नाटककार गोविंद बल्लाळ देवल फडक्यांहून दहा वर्षांनी लहान. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण फडक्यांच्या नावाच्या त्या रंगमंचावर अटल करंडक स्पर्धेतल्या एकांकिका बघताना देवल हटकून आठवतात. विनोदी एकांकिकेतला पोरगा हशा मिळावा म्हणून प्रेक्षकांकडे बघत थांबला, की जास्तच आठवतात.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५चा. गाव हरिपूर, सांगलीला खेटून, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं. त्याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं होतं. तेव्हाच्या खेळात पदं सूत्रधार म्हणायचा, पात्रं आयत्या वेळी सुचेल ते बोलायची, राक्षस तलवारी परजत आरडाओरडा करायचे आणि हसवण्याचं खातं विदूषकाकडे. पुढे मुख्य नाटक संपल्यावर वेगळा फार्स लावायची चाल पडली. म्हणजे विनोद एक तर विदूषकाच्या तोंडी, नाही तर शेपटासारखा मागे जोडलेला. नाटकातलं साधं, संसारी माणूसच हसू आणील, हे मराठी रंगभूमीला अजून जमायचं होतं.

देवल बेळगावला शाळामास्तर होते. अण्णासाहेब किर्लोस्करांना ते गुरू मानत. १८८०च्या 'शाकुंतला'ने संगीत नाटकाचं युग सुरू करणारे ते हेच अण्णासाहेब. देवल किर्लोस्कर मंडळीत आले, त्यांनी कामंही केली. पण नाव झालं ते तालीममास्तर म्हणून. नट गणपतराव जोशी ज्या 'झुंझारराव'मुळे गाजले, ते देवलांनी केलेलं 'ऑथेल्लो'चं रूपांतर. १८९५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेले गणपतराव बोडस त्यांच्याच हाताखाली घडले. गद्य कसं बोलायचं, हे बोडस देवलांकडून शिकले. गाणाऱ्या नटांच्या त्या जमान्यात हे शिक्षण दुर्मीळ होतं. पदाला टाळी मिळतेच, मग बोलण्याची फिकीर कोण करणार?

देवलांची नाटकं एकूण सात. त्यांतली सहा संस्कृतातून किंवा इंग्रजीतून घेतलेली, स्वतंत्र एकच, 'शारदा'. ती १८९९च्या जानेवारीत इंदूरला रंगमंचावर आली. पाऊणशे वयाचा भुजंगनाथ, पैशासाठी पोटची पोर द्यायला निघालेला कांचनभट आणि मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित. विषय काळीज कापणारा, आणि तरी पहिले दोन अंक प्रेक्षक हसत असतात. भुजंगनाथ स्वतःला खरोखर उपवर समजतो, हा त्यातला खरा विनोद. नटाने डोळा मारून 'बघा, मी किती हास्यास्पद आहे' असं सुचवलं, की म्हातारा नुसता सोंगाड्या होतो आणि शारदेचं दुःखही खोटं पडतं. देवलांचे संवाद वाचताना जाणवतं, की लिहिणाऱ्याने ते आधी नटाच्या तोंडून ऐकलेले आहेत. वाक्य दम टिकेल एवढंच, आणि हशाची जागा बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी. मधेच हशा आला तर पुढचं ऐकू येत नाही, हे विंगेत उभं राहणाऱ्यालाच कळतं.

'संशयकल्लोळ'चं घराणं तर फार लांबचं. स्वतः नट आणि मंडळीचा चालक असलेल्या मोलिएरने १६६० साली 'स्गानारेल' केलं. त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ साली इंग्रजी नाटक बेतलं आणि त्यावरून देवलांनी गद्य 'फाल्गुनराव' लिहिलं. पदं घालून त्याचं संगीत नाटक केलं ते आयुष्याच्या अखेरीस. नावांचा खेळ बघा: फाल्गुनराव, आश्विनशेठ, नोकर भादव्या, आणि बायका कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. अख्खं पंचांग!

सगळा घोळ एका तसबिरीभोवती. रस्त्यात रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि नेमकं ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीजवळची तिच्या प्रियकराची, आश्विनशेठची, तसबीर पडते ती सापडते कृत्तिकेला, आणि तिच्या हातात ती बघतो फाल्गुनराव. आता नवऱ्याला बायकोचा संशय, बायकोला नवऱ्याचा. गंमत अशी, की प्रत्येकाने जे पाहिलं ते खरंच पाहिलं. खोटं कुणीच बोलत नाही. रेवती नायकिणीची मुलगी, म्हणून आश्विनशेठच्या मनातली शंका नुसत्या गैरसमजाहून जड आहे. मला ही देवलांची सर्वांत धारदार जागा वाटते, आणि गाण्यांच्या मैफलीत हीच बहुधा हरवते.

बसवायला हे नाटक दिसतं तितकं सोपं नाही. तसबीर कुणाच्या हातात, कोणत्या क्षणी, कुणाला दिसेल अशी, हे पावलापावलाने ठरवावं लागतं.  फाल्गुनराव रागावला पाहिजे, रागावल्याचं सोंग आणता कामा नये. गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगात बोडसांनी ही भूमिका केली, रेवती होते बालगंधर्व. फाल्गुनराव म्हटलं की बोडस, असं समीकरणच पुढे झालं.

देवल १४ जून १९१६ला गेले. संगीत 'संशयकल्लोळ' रंगमंचावर आलं ते त्याच वर्षी, त्यांच्या मागे. आज त्याचे प्रयोग होतात ते बरेचदा काटछाट करून, आणि त्याला माझी हरकत नाही. रात्रभर बसायला आता कुणाला सवड आहे? पण कात्री लागते ती बहुतेक गद्याला. पदं राहतात, संशय वाढत जाण्याच्या मधल्या पायऱ्या उडतात, आणि मग फाल्गुनराव एकदम ओरडताना दिसतो. त्यापेक्षा दोन पदं कमी गा.