वॅट, उजेड आणि झोत : वऱ्हाडातील ‘बॅटरी’च्या मूल्यमापनाविषयी

वऱ्हाडात विजेरीला विजेरी म्हणणारा मनुष्य सहसा भेटत नाही. हा शब्द कोशांत आहे, पाठ्यपुस्तकांत आहे, क्वचित वृत्तपत्रांतही आढळतो. परंतु अमरावतीच्या इतवाऱ्यात किंवा अकोल्याच्या टिळक रस्त्यावर प्रचलित शब्द आहे तो ‘बॅटरी’. अंशाचे नाव अंशीला मिळाल्याचे हे सरळ उदाहरण होय. वस्तूने आपल्या घटकाचे नाव घेतल्यावर त्या घटकाला ‘सेल’ हे नाव उरले आणि व्यवहार सुरळीत चालला. पुढे पुन्हा भारता येणारे लिथियमचे घट आले, त्यांनाही बॅटरीच म्हटले जाऊ लागले आणि ‘बॅटरीची बॅटरी उतरली’ असे वाक्य संभवू लागले. वैयाकरणास ते विनोदी वाटेल. बोलणारा आणि ऐकणारा या दोघांपैकी कोणाचाही मात्र त्यामुळे घोटाळा होत नाही.

ज्या शब्दाने खरोखर घोटाळा होतो तो दुसराच. तो ‘वॅट’ होय.

प्रखर एलईडी विजेऱ्या उघडून त्यांचा दिवा, धारानियंत्रक किंवा परावर्तक बदलावयाचा आणि फेरफारापूर्वीचा व नंतरचा प्रकाश मोजून नोंदवावयाचा, हा छंद गेल्या सुमारे दोन दशकांत जगभर रुजला आहे. आपल्या भागात त्याचे स्वरूप अर्धे छंदाचे आणि अर्धे गरजेचे आहे. कृषिपंपांना थ्री फेज वीज आळीपाळीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री देण्याची पद्धत येथे दीर्घकाळ चालत आली. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू हे ओलीत दिवसा व्हावे हाच आहे. तथापि रात्रीचे ओलीत अद्याप सर्वत्र संपलेले नाही. हरभऱ्याला पाणी देणारा शेतकरी, रानडुकरांपासून आणि रोह्यांपासून पीक राखण्यासाठी जागलीला गेलेला माणूस, यांच्या हातात ही वस्तू असते. धुऱ्यावर घोणस पडलेली असते. तिला वऱ्हाडात परड म्हणतात. मण्यार तर रात्रीच बाहेर पडते. विजेरीच्या खोक्यावरील आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौशी मंडळींचा राहत नाही.

वॅट हे ऊर्जा खर्च होण्याच्या वेगाचे एकक आहे. प्रकाशाशी त्याचा अंगभूत संबंध नाही. पण तारेच्या दिव्यांच्या काळात सगळे घरगुती दिवे जवळजवळ एकाच रीतीने बनत. साठ वॅटचा दिवा कोणाचाही असो, त्याचा उजेड सारखाच असे. यामुळे खर्चाचे माप हळूहळू उजेडाचे माप झाले आणि ‘चाळीसचा मंद, शंभरचा लख्ख’ ही भाषा तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडली. अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासात ज्याला साहचर्यमूलक संक्रमण म्हणतात, त्याचा याहून स्वच्छ नमुना शोधूनही सापडणार नाही. एलईडी आला आणि ते साहचर्य तुटले. दहा वॅट घेऊन एक विजेरी हजार ल्यूमेन देईल, दुसरी पाचशेही देणार नाही. शब्दाचा नवा अर्थ मात्र तसाच राहिला, आणि या राहून गेलेल्या अर्थावर बाजार चालतो. ‘५० वॅट’ असे छापलेल्या आणि आत एकच घट असलेल्या विजेरीचा हिशेब करून पाहावा. अशा घटात साधारण १२ वॅट-तास ऊर्जा मावते. विजेरी खरोखर ५० वॅट घेत असती तर ती पाव तासात विझली असती, आणि त्याआधीच हातात धरवली नसती. छापलेला आकडा बहुधा दिव्याच्या कमाल सहनशक्तीचा असतो, किंवा कशाचाच नसतो.

मग मोजावे काय? प्रकाशमापनशास्त्राने तीन लॅटिन शब्द वापरले आहेत. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण दृश्य प्रकाश. कँडेला, मूळ अर्थ मेणबत्ती, म्हणजे एका विशिष्ट दिशेने जाणाऱ्या प्रकाशाची तीव्रता. लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठावर येऊन पडलेला प्रकाश, दर चौरस मीटरला एक ल्यूमेन या मापाने. विद्यार्थ्यांस हे तिन्ही शब्द पाठ असतात आणि तिन्हींची गल्लत होते. गंमत अशी की ज्याने यांपैकी एकही शब्द ऐकलेला नाही, तो वऱ्हाडी शेतकरी ही गल्लत करीत नाही. तो म्हणतो, ‘हिचा उजेड लय पडते, पन झोत नाई जात.’ (‘पडतो’च्या जागी ‘पडते’ हे वऱ्हाडीचे नेहमीचे रूप आहे.) येथे क्रियापदांकडे लक्ष द्यावे. उजेड पडतो, पसरतो, असतो. झोत जातो, पोचतो, मारला जातो. झोत हा शब्द पाण्यालाही लागतो. उजेडाला गती आणि दिशा देणारी क्रियापदे सहसा चालत नाहीत. ‘त्या झाडापर्यंत उजेड मारला’ हे वाक्य कानाला खटकते. ल्यूमेन आणि कँडेला यांतील भेद बोलीने क्रियापदांच्या निवडीत आधीच राखून ठेवला आहे. पारिभाषिक शब्द घडविणाऱ्यांनी ‘दीप्तिस्रोत’, ‘दीपनतीव्रता’ असले जडजंबाळ शब्द रचण्यापूर्वी ओलिताच्या पाळीला एकदा जाऊन यावे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

पाण्याचे साम्य आणखी पुढे नेता येते. रबरी नळीतून मिनिटाला किती पाणी पडते ते ल्यूमेनसारखे. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला म्हणजे धार किती लांब जाते ते कँडेलासारखे. अंगठा दाबल्याने पाणी वाढत नाही, थोडे कमीच होते. धार मात्र लांब जाते. छंदिष्टांचा एक आवडता फेरफार तंतोतंत असाच आहे. प्रखर एलईडीच्या पिवळ्या पृष्ठावर सिलिकोनचा पारदर्शक घुमट असतो. आतला प्रकाश अधिक प्रमाणात बाहेर यावा म्हणून तो बसविलेला असतो. पण त्यामुळे प्रकाश देणारे पृष्ठ परावर्तकाला प्रत्यक्षाहून मोठे भासते. हा घुमट पात्याने कापून काढला, तर एकूण ल्यूमेन घटतात, प्रकाशाचा रंगही किंचित पिवळटतो, आणि तरीही झोत लांब जाऊ लागतो. कारण झोताची तीव्रता एकूण प्रकाशावर अवलंबून नसून मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : प्रकाशमान पृष्ठाची प्रति चौरस मिलिमीटर तीव्रता आणि परावर्तकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ. या दोहोंचा गुणाकार केला आणि परावर्तकात व काचेत होणारी घट वजा केली की कँडेला मिळतात.

या सूत्राने दुकानातील ‘दोन किलोमीटरची बॅटरी’ तपासून पाहणे बोधप्रद आहे. विजेऱ्यांसाठी अमेरिकेत २००९ साली एफएल-१ नावाचे मानक झाले. त्यात झोताचा पल्ला म्हणजे जेथे ०.२५ लक्स प्रकाश पडतो ते अंतर, असे ठरले. हा साधारणपणे पूर्ण चंद्राच्या चांदण्याइतका उजेड होय. यावरून पल्ल्याचे मीटर काढण्यास कँडेलांचे वर्गमूळ घेऊन त्याची दुप्पट करावी लागते. दहा हजार कँडेलांचा पल्ला २०० मीटर. तो ४०० मीटर करावयाचा तर कँडेला चाळीस हजार हवेत, म्हणजे चौपट. दोन किलोमीटरांसाठी दहा लक्ष कँडेला लागतील. आता चांगल्या एलईडीची पृष्ठतीव्रता प्रति चौरस मिलिमीटर १०० कँडेला धरली आणि परावर्तकाचा व्यास ५० मिलिमीटर धरला, तर क्षेत्रफळ सुमारे १,९६० चौरस मिलिमीटर येते, आणि पंचमांश घट वजा जाता तीव्रता सुमारे १,५७,००० कँडेला होते. पल्ला आठशे मीटरांच्या आत. मुठीएवढ्या तोंडाच्या साध्या विजेरीला दोन किलोमीटर जमणे नाही. मग खोक्यावर वॅट कितीही असोत. शिवाय चांदण्याइतक्या उजेडात आठशे मीटरांवरची वस्तू ओळखू येते असेही नव्हे.

हे मापन घरी करता येते. स्वस्त लक्समापक घेऊन अंधाऱ्या व्हरांड्यात पाच मीटरांवर झोताच्या मध्यबिंदूवर धरावा आणि येणाऱ्या आकड्यास पाचाच्या वर्गाने, म्हणजे पंचवीसने गुणावे. चारशे लक्स आले तर दहा हजार कँडेला. याहून जवळून मोजू नये, कारण परावर्तकाजवळ झोत पुरता बांधला गेलेला नसतो. एकूण ल्यूमेन मोजणे अवघड. प्रयोगशाळेत त्यासाठी आतून पांढरा पोकळ गोल वापरतात. छंदिष्ट तो थर्मोकोलचा करतात आणि ज्ञात मापाच्या विजेरीशी तुलना करून गुणक ठरवितात. पांढऱ्या छताकडे झोत सोडून खोलीच्या कोपऱ्यातील लक्स पाहणे ही त्याहून सोपी युक्ती. तुलनेपुरती ती पुरते.

फेरफारांत सर्वांत दुर्लक्षिला जाणारा भाग उष्णतेचा आहे. तारेचा दिवा आपली बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने काचेबाहेर टाकतो. एलईडी तसे करीत नाही. त्याची उष्णता त्याच्या बुडाशी साचते आणि धातूतून वाहूनच बाहेर जाऊ शकते. म्हणून जाणता कारागीर दिवा तांब्याच्या चकतीवर थेट झाळून घेतो, चकती आणि नळकांडे यांच्यामध्ये उष्णतावाहक लेप देतो, मगच धारा वाढवितो. अनेक स्वस्त विजेऱ्यांत दिव्यामागे पातळ पत्रा आणि त्यामागे पोकळी असते. तेथे अधिक धारा सोडली की पहिली काही सेकंद डोळे दिपतात, मग प्रकाश उतरत जातो. येथे एफएल-१ मानकातील एक मेख सांगितली पाहिजे : ल्यूमेनचे मापन विजेरी लावल्यानंतर तीस सेकंदांपासून दोन मिनिटांच्या आत होते, आणि चालण्याचा काळ मूळ प्रकाशाच्या एकदशांशावर येईपर्यंत धरतात. तेव्हा प्रामाणिक खोक्यावरही ‘१००० ल्यूमेन, ६ तास’ याचा अर्थ सहा तास हजार ल्यूमेन असा होत नाही.

घटाचे नाव ‘अठरा सहाशे पन्नास’ हे खरे तर वर्णनच आहे : व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५, शेवटचे शून्य आकार दंडगोल असल्याची खूण. एवढ्या जागेत आजच्या उत्तम कारखान्यांनाही सुमारे ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या पलीकडे फारसे जाता आलेले नाही. त्यावर ९,९०० छापलेले असले तर तो घट परत करावा. सोनाराच्या काट्यावर चांगला घट पंचेचाळीस ग्रॅमांच्या आसपास भरतो, नकली बराच हलका भरतो. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले घट वापरण्याचा प्रघात आहे. एकेक वापरल्यास, तपासून, तो चालण्यासारखा आहे. असमान वयाचे दोन घट मात्र एकामागे एक जोडू नयेत. दुबळा घट मर्यादेपलीकडे उतरतो, आणि लिथियमचा बिघडलेला घट पेट घेऊ शकतो.

आता ओलिताचा हिशेब. पाळी आठ तासांची धरू. १२ वॅट-तासांचा घट आठ तासांना वाटला की वाट्याला दीड वॅट येतो, म्हणजे दर वॅटला शंभर ल्यूमेन धरून सुमारे दीडशे ल्यूमेन. जुन्या दोनतीन सेलांच्या तारेच्या विजेरीतून दहा ते वीस ल्यूमेन निघत. दीडशे त्याच्या कितीतरी पट आहेत, पण खोक्यावरच्या हजाराच्या मानाने ते दरिद्री दिसतात. डोळ्याला हे अंतर तितके जाणवत नाही. प्रकाश दुप्पट केला तर तेज सव्वापटच वाटते; तेजाची जाणीव साधारणपणे प्रकाशाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. हजार आणि दीडशे यांत साडेसहा पटींचे अंतर असले तरी डोळ्याला ते दुपटीहून थोडे कमीच भासेल. घट उतरत आला तरी दीडशे ल्यूमेन स्थिर ठेवणारा धारानियंत्रक बसविणे, हा माझ्या मते आपल्याकडील सर्वांत उपयोगी फेरफार आहे. त्यात मिरविण्यासारखे काही नसल्यामुळे तो फारसा कोणी करीत नाही.

राहिला रंग. पांढरा एलईडी हा मुळात निळा. त्यावरील पिवळ्या लेपामुळे तो पांढरा भासतो. ज्या निळ्या दिव्याने हे शक्य केले त्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ सालचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु स्वस्त, थंड छटेच्या दिव्यांत तांबड्याची उणीव असते. तपकिरी रंग म्हणजे मंद नारिंगी. तांबडे कमी पडले की सुका पाला, काळी माती आणि घोणशीच्या अंगावरील साखळी हे सारे एकाच राखी रंगात मिसळते. रंगनिष्ठेचा निर्देशांक १०० पैकी नव्वदाच्या वर आणि रंगतापमान चार हजार केल्विनच्या आसपास असलेला दिवा बसविल्यास काही ल्यूमेन घटतात. ते घटू द्यावेत. वेदान्त्यांच्या प्रसिद्ध दृष्टान्तात दोरीच्या जागी साप दिसतो. येथे भीती उलटी आहे. म्हणून परीक्षेसाठी मळकट तपकिरी दोरीचे चारपाच तुकडे तुरीच्या वाळक्या पाल्यात दुसऱ्या कोणाकडून टाकून घ्यावेत, चार मीटरांवरून चालत्या पावली किती दिसले ते मोजावे आणि दिवा बदलून पुन्हा मोजावे. नोंदवहीत ल्यूमेन आणि कँडेला यांच्या शेजारी या आकड्यासाठी एक रकाना ठेवावा.