'जुना' माल : एका विशेषणाचा अर्थ आणि इलेक्ट्रॉनिकी घटक

'जुना' या विशेषणाचा अर्थ त्याच्या विशेष्यावर अवलंबून असतो. मुरगूडच्या बाजारात 'जुना तांदूळ' मागणाऱ्या गिऱ्हाइकास साळ कापून वर्ष लोटलेला, शिजल्यावर मोकळा होणारा तांदूळ हवा असतो. 'जुने धोतर' म्हणताच मात्र नेसून विरलेले वस्त्र डोळ्यांपुढे येते. जे एकदा वापरले की संपते त्याच्या बाबतीत हा शब्द केवळ काळ सांगतो. जे पुनःपुन्हा वापरले जाते त्याच्या बाबतीत झीज सांगतो. हा भेद मराठी भाषकास शिकवावा लागत नाही.

इलेक्ट्रॉनिकी घटकांपाशी येताच ही व्यवस्था कोलमडते. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, 'जुना' म्हणून मागितलेला आयसी कारखान्याच्या वेष्टनात पडून राहिलेला असू शकतो, किंवा मोडीतल्या सर्किट बोर्डावरून डाख वितळवून उतरवलेलाही असू शकतो. इंग्रजी व्यापाराने पहिल्यासाठी 'न्यू ओल्ड स्टॉक' असा वरकरणी विसंगत शब्दसमूह घडविला. आपण अद्याप एकाच शब्दावर भागवितो.

हा प्रश्न केवळ कोशकाराचा नव्हे. कोल्हापूरच्या यंत्रशाळेतील संगणक-नियंत्रित लेथ दोन दशके चालू शकतो. त्यातील आयसीचे उत्पादन पुष्कळदा त्याआधीच थांबलेले असते. नासालाही २००२ च्या सुमारास, अवकाशयानाच्या तपासणी-यंत्रणेसाठी, इंटेलचे ८०८६ हे प्रक्रियक मिळविण्याकरिता कालबाह्य वैद्यकीय उपकरणे विकत घ्यावी लागली. ते 'जुने' दुसऱ्या अर्थाचे, उतरवलेले होते.

न वापरलेला घटकही तांदळासारखा मुरत नाही. साध्या रोधकाचे फारसे बिघडत नाही. विद्युत्-अपघटनी धारित्राचे, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे, तसे नाही. त्यातील ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा पातळ थर हाच विद्युत्‌रोधक असतो. दीर्घकाळ दाब न मिळाल्यास तो क्षीण होऊन गळती-प्रवाह वाढतो. रोधकामधून हळूहळू दाब चढवीत नेल्यास थर पुष्कळ अंशी पुन्हा बनतो, परंतु आतील द्रव सुकला असेल तर उपाय नाही. आयसीची गोष्ट आणखी निराळी. पायांवरील कथील मळले की डाख धरत नाही. प्लॅस्टिकचे आवरण हवेतील ओल शोषते. डाखभट्टीत दोनशे अंशांवर तिची वाफ होऊन आवरण आतून फाटते. म्हणून असा माल आधी मंद उष्णतेवर वाळवून घेतात. शिवाय १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने बहुतेक उपकरणांतील शिशावर निर्बंध घातला. त्यापूर्वीच्या साठ्यात पायांवर शिसे असणे संभवते, आणि तेथे निर्यात होणाऱ्या मालात ते चालत नाही.

घटकावर छापलेले चार आकडे येथे साह्य करतात, पण अर्धेच. '८७३४' म्हणजे १९८७ चा चौतिसावा आठवडा. हे आकडे जन्मकाळ सांगतात, वापर सांगत नाहीत. उतरवलेल्या आयसीवरही तेच असतात. कित्येकदा तर पृष्ठभाग घासून नवे आकडे उमटविलेले असतात. वापराची साक्ष पायांवर शोधावी लागते : जुन्या डाखेचे कण, सरळ केलेली वाकणे. पृष्ठभागाचा पोत वर आणि कडेला निराळा दिसल्यास संशय घ्यावा.

तेव्हा मागणीपत्रात 'जुना' हा शब्द टाळून 'न वापरलेला, साठ्यातील' व 'बोर्डावरून उतरवलेला' अशी दोन स्वतंत्र नावे योजावीत, आणि पहिल्यापुढे निर्मितीचे वर्ष व साठवणुकीची स्थितीही लिहावी.