ताप एकच, पण पुस्तकात चार ठिकाणी

पावसाळ्यात कोकणातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत तासभर बसून बघा. निम्म्या पेशंटची तक्रार तीच: ताप आणि अंगदुखी. आता मेडिसिनचं जाडजूड पुस्तक उघडा. डेंग्यू सापडेल विषाणूंच्या भागात, मलेरिया परजीवींच्या, लेप्टो स्पायरोकीटच्या आणि स्क्रब टायफस रिकेट्सियाच्या. मधे कितीतरी पानं. पुस्तक जंतूंच्या कुळाप्रमाणे लावलंय, पण पेशंट काही जंतूचं नाव सांगत येत नाही.

याचा परिणाम काय होतो, ते प्लेटलेटवरून बघू. डेंग्यूच्या प्रकरणात लिहिलेलं असतं की प्लेटलेट कमी होतात. विद्यार्थी खूण करतो, पाठ करतो. महिन्याभराने मलेरिया वाचतो, तिथेही प्लेटलेट कमी. लेप्टोत कमी होऊ शकतात, स्क्रब टायफसमध्येही. चारही वाक्यं बरोबर आहेत आणि विद्यार्थ्याला चारही येतात. पण ती कधीच एका पानावर शेजारीशेजारी न आल्यामुळे एक साधी गोष्ट त्याच्या लक्षातच येत नाही: या चौघांतून एक निवडायला प्लेटलेटचा आकडा फारसा कामाचा नाही. मग इंटर्नशिपमध्ये ताप आणि ८० हजार प्लेटलेट दिसल्या की डोक्यात एकच नाव येतं, डेंग्यू. पेशंटला लेप्टो असेल तर अँटिबायोटिक सुरू व्हायला दोन-तीन दिवस उशीर होतो, आणि तेवढ्यात मूत्रपिंडं धोक्यात येऊ शकतात.

‘पुस्तक रंजक करा’ असं कुणी म्हटलं की पहिल्यांदा रंगीत चौकटी, व्यंगचित्रं आणि गमतीदार किस्से सुचतात. इथे जरा जपून. १९९८ मध्ये हार्प आणि मेयर यांनी वीज कशी पडते हे समजावणारा एक उतारा विद्यार्थ्यांना दिला. काहींच्या उताऱ्यात विजेबद्दलचे चटपटीत पण मूळ मुद्द्याशी संबंध नसलेले तपशील आणि चित्रं घातली होती. त्या मुलांना मुख्य मुद्दे कमी आठवले, आणि त्या माहितीवर प्रश्न सोडवणंही कमी जमलं. तपशील सुरुवातीलाच असतील तर नुकसान जास्त. म्हणजे नुसतं लक्ष वेधून घेणं वेगळं आणि विचार करायला लावणं वेगळं.

बरं, मग ‘निदान कसं करावं’ असं एक वेगळं प्रकरणच जोडलं तर? तेही पुरत नाही. एल्स्टाइन, शुलमन आणि स्प्राफ्का यांच्या १९७८ च्या पुस्तकात याचं उत्तर आहे. मुरलेले डॉक्टर आणि नवखे यांची विचार करायची पद्धत फार वेगळी नव्हती. दोघांच्याही मनात पहिल्या काही मिनिटांतच दोन-चार शक्यता यायच्या, आणि पुढचे प्रश्न त्या तपासायला विचारले जायचे. शिवाय एका केसमध्ये हुशार ठरलेला डॉक्टर दुसऱ्या केसमध्ये हुशार ठरेलच असं नाही. फरक होता तो त्या त्या आजाराचं ज्ञान किती आणि डोक्यात कसं लावलंय यात.

म्हणून मला वाटतं, बदल करायचा तर मांडणीत. समजा, पुस्तकाचं एक पान असं सुरू झालं:

जुलैअखेर. ३५ वर्षांचा शेतकरी. चार दिवस थंडी वाजून ताप, डोकं ठणकतंय. दोन आठवड्यांपूर्वी भातलावणी केली. *इथे थांबा. तीन शक्यता लिहा आणि प्रत्येकीसाठी एक प्रश्न.*

मग खाली: पोटऱ्या इतक्या दुखतात की उकिडवं बसवत नाही. डोळे लाल, पण चिपडं नाहीत. कालपासून लघवी कमी. प्लेटलेट ८० हजार. *तुमची यादी बदलली का? कोणत्या माहितीने बदलली, आणि कोणतीने नाही?*

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो सोडवताना विद्यार्थ्याला चौघं शेजारी ठेवावेच लागतात. पोटऱ्या, डोळे आणि लघवी मिळून लेप्टोचं पारडं जड करतात. प्लेटलेट जागच्या जागी राहतात. (मलेरियाची तपासणी तरीही करायचीच, हेही इथेच लिहावं.)

शेजारी ठेवण्याचा फायदा ईसीजीच्या बाबतीत तपासलाही गेलाय. २००३ मध्ये हटाला, ब्रुक्स आणि नॉर्मन यांनी काही विद्यार्थ्यांना एकेका प्रकारच्या ईसीजीचा सराव एकत्र दिला, तर काहींना सगळे प्रकार मिसळून दिले. नवे ईसीजी वाचताना मिसळून सराव केलेले सरस ठरले. आपली पुस्तकं मात्र अजून एकेका आजाराचा गठ्ठा बांधूनच देतात.

ही कल्पना काही नवी नाही. १९०० साली वॉल्टर कॅनन या हार्वर्डच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याने खोलीतल्या कायद्याच्या विद्यार्थ्याचा अभ्यास पाहिला. तो मित्र खटल्यांवर तावातावाने वाद घालत शिकायचा. व्याख्यानांना कंटाळलेल्या कॅननने मग वैद्यकशास्त्रही केसवरून शिकवा, असा लेखच लिहिला. हॅरिसनच्या १९५० च्या पहिल्या आवृत्तीतही लक्षणांवरून आजाराकडे जाणारा मोठा भाग होता. न्यू इंग्लंड जर्नलने १९९२ पासून सुरू केलेल्या सदरात तर डॉक्टरला माहिती तुकड्या-तुकड्यांनी मिळते आणि तो मोठ्याने विचार करतो, त्यात चुकतोही. पाठ्यपुस्तकातला डॉक्टर कधी चुकताना पाहिलाय तुम्ही?

अर्थात, काहीच वाचलेलं नसताना केस सोडवायला देणं म्हणजे पोहणं न शिकवता विहिरीत ढकलणं. चारही तापांची तोंडओळख आधी हवीच. पण ती दोन-दोन पानांत होऊ शकते. खरी अडचण मला वेगळीच दिसते. उत्तर त्याच पानावर छापलं तर डोळा आधी तिकडे जातो, आणि पुस्तकाच्या शेवटी टाकलं तर कुणी बघतच नाही. सध्या तरी मी उत्तर पान उलटल्यावर येईल अशी मांडणी करून बघतोय, आणि त्या उलट्या बाजूला आधी चुकीच्या निदानाची बाजू, मग बरोबरची.