तीन दिवसांचा भिक्षू

जपानी भाषेत ‘मिक्का बोझु’ असा एक वाक्प्रचार आहे. ‘मिक्का’ म्हणजे तीन दिवस आणि ‘बोझु’ म्हणजे भिक्षू. हौसेने हाती घेतलेले काम चौथ्या दिवशी टाकून देणाऱ्याला तिकडे ‘तीन दिवसांचा भिक्षू’ म्हणतात. आपण त्याला ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणतो. म्हणजे जपान्यांपेक्षा आपण सहा दिवस अधिक उदार! हा वाक्प्रचार प्रथम वाचला तेव्हा मी मोठ्याने हसले आणि लगेच गप्प झाले. तो माझ्यावरच बेतलेला होता.

आमच्या घरातल्या कपाटाचा खालचा कप्पा हे माझे संग्रहालय आहे. त्यात अर्धवट विणलेला स्वेटर आहे, दोन धडे झालेले फ्रेंचचे पुस्तक आहे, आणि पहिली आठ पाने भरलेल्या किमान सहा वह्या आहेत. आई मला ‘धांदरट’ म्हणते. शाळेच्या प्रगतिपुस्तकात दर वर्षी एकच शेरा असे : ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ एकोणिसाव्या वर्षी डॉक्टरांनी या साऱ्याला एक लांबलचक नाव दिले : अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, थोडक्यात एडीएचडी.

हे नाव तसे जुने नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात १९८० साली ‘अवधानाची उणीव’ या अर्थाचे नाव आले आणि १९८७ साली त्याचे आजचे नाव झाले. पूर्वी हा लहान मुलांचाच विकार समजत. पुष्कळांच्या बाबतीत तो मोठेपणीही राहतो, हे आता मान्य झाले आहे. पण नावाने थोडी फसगत होते. लक्ष कमी असते असे नव्हे, लक्षाची तोटी नादुरुस्त असते. हवे तेव्हा थेंबही येत नाही आणि नको तेव्हा हंडे भरून वाहतात. कामाला सुरुवात करणे, वेळेचा अंदाज घेणे, लहानसहान गोष्टी ध्यानात ठेवणे, हे इतरांना सहज जमते. आम्हाला त्यासाठी झगडावे लागते. मोबाइलमुळे हा विकार होतो, असा काहींचा समज आहे. तसे नाही. याची लक्षणे बालपणापासूनच असतात. मोबाइल फक्त दुखऱ्या बोटावर ठेच मारतो.

आणि आमचा मोबाइल म्हणजे तर तुळशीबाग! एक वस्तू आणायला जावे तर दहा दुकानदार हाका मारतात. परीक्षेचे वेळापत्रक पाहायला मी तो उघडते आणि तासाभराने समुद्रातल्या आठ पायांच्या प्राण्याची माहिती वाचत असते. अशाच एका भटकंतीत, रात्री दोन वाजता, मला जपानी भाषा भेटली.

मित्रहो, जपानी शिकायला गेल्यावर मराठी माणसाला घरच्यासारखे वाटते, हे कुणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता. पण हेच पाहा ना : ‘मी कॉलेजला जाते’ हे वाक्य जपानीत ‘वाताशी वा दाइगाकु नी इकिमास’ असे होते. ‘नी’च्या जागी आपला ‘ला’ ठेवा, क्रियापद आपल्यासारखेच शेवटी. ‘तोमोदाची नो होन’ म्हणजे ‘मैत्रिणीचे पुस्तक’. आपल्याला चा-ची-चे सांभाळावे लागते. तिथे एका ‘नो’मध्ये काम भागते. शिवाय धडधड, चमचम असे नादमय शब्द त्यांच्याकडेही रग्गड. छाती धडधडते ती ‘दोकी दोकी’, चांदणी चमचमते ती ‘किरा किरा’.

त्याहून नवल वर्णमालेचे. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांत प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे आहेत. त्यांचा क्रम आ, इ, उ, ए, ओ आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला. कूकाई नावाचा भिक्षू ८०४ साली चीनला जाऊन ८०६ साली परतला, तोही या अभ्यासकांपैकी एक. त्या अभ्यासाची छाप जपानी अक्षरक्रमावर आहे.

येथपर्यंत सारे मजेचे. मग कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरे येतात. नित्य वापराची म्हणून २०१० साली ठरवलेल्या यादीत ती २१३६ आहेत! येथे माझा चौथा दिवस उजाडला.

पाठांतर म्हणजे आम्हा लोकांची कसोटी. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा आलेख मांडला होता. विसरायच्या सुमारास पुन्हा आठवायचे, आणि दर खेपेस मधले अंतर वाढवायचे, ही युक्ती त्याच विचारातून पुढे आली. ‘आन्की’ नावाची संगणकीय पत्त्यांची योजना २००६ पासून हेच करते. त्या शब्दाचा जपानी अर्थच ‘पाठांतर’. मी पहिल्याच दिवशी उत्साहाने शंभर पत्ते घातले. चार दिवस चुकले आणि साठलेला ढीग पाहून महिनाभर तिकडे फिरकले नाही. त्यातच डिसेंबरच्या जपानी परीक्षेचा अर्ज भरायची तारीख निघून गेली. वडिलांनी फीचे पैसे आधीच दिले होते. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. रोज फक्त पाचच पत्ते घ्यायचे ठरवले. चुकले तर दुसऱ्या दिवशी पाचच, दहा नाहीत. आणि ज्या मोबाइलने मला भटकवले त्यालाच कामाला लावले. रात्री नऊला आम्ही चार अनोळखी माणसे कॅमेरे सुरू करून आपापला अभ्यास करतो. कुणी कुणाशी बोलत नाही. समोर कुणी काम करीत असले की माझेही बूड जागेवर राहते. याचे शास्त्र काहीही असो, मला त्याचा उपयोग होतो. यंदा जुलैत मी पुण्याला जाऊन सर्वांत खालच्या, ‘एन-५’ पातळीची परीक्षा दिली. निकाल अजून यायचा आहे. नापास झाले तरी हरकत नाही असे लिहिणार होते, पण ते खोटे होईल.

शेवटी दोन कांजी सांगते. ‘विसरणे’ याचे अक्षर ‘हरवणे’ आणि ‘मन’ या दोन चिन्हांचे बनले आहे. आणि ‘कामात गढलेला’ याचेही त्याच दोन चिन्हांचे. फक्त मांडणी वेगळी. एकात मन खाली बसते, दुसऱ्यात ते शेजारी उभे राहते. दोन्हींकडे मन हरवलेलेच!

गुरुजनांना एवढीच विनंती की, मागच्या बाकावरची एखादी मुलगी खिडकीबाहेर पाहताना दिसली तर ‘लक्ष नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी एकदा विचारावे, लक्ष कुठे आहे. कदाचित ती २१३६ पैकी सत्तराव्या अक्षराशी झुंजत असेल.