बेचाळीस प्लेटा

सकाळी ८:४०

सदाशिव पेठ, दुसरा मजला, लिफ्ट नाही. ताई कुलूप काढतात आणि आधी पंखा लावतात. ऑगस्टात बंद खोलीत ठेवलेल्या कागदाच्या नमुन्यांना कुबट वास येतो. दोन खोल्या, तीन टेबलं, दोन मोठे स्क्रीन, एक प्रिंटर. कोपऱ्यात सनबोर्डाचे उरलेले तुकडे. जागेचं भाडं १८,०००. दोन संगणकांवरच्या अडोबीचं भाडं त्याच्या निम्म्याच्या आसपास. ते कार्डातून आपोआप जातं. घरमालक निदान चार दिवस थांबतो.

ताईंचा हा डिझाइन स्टुडिओ नाटकवाल्यांची, प्रकाशकांची, संग्रहालयांची आणि आर्किटेक्टांची कामं करतो. लग्नपत्रिका नाहीत, वाढदिवसाचे फ्लेक्स तर नाहीतच. "ते घेतलं असतं तर लिफ्टवाली जागा असती," ताई म्हणतात आणि फळ्यावर आजची कामं लिहितात. पुस्तक: काळे फर्मे पाठवणे. नाटक: पोस्टर. संग्रहालय: फोन. प्रेस: शीट पास. बिलं.

'बिलं' हा शब्द कालचाच आहे. तो पुसलेला नाही.

सकाळी ९:१०

सहायक आला. पगार ३०,०००, मूळचा सोलापूरचा. रेनकोट दाराबाहेर टांगून तो थेट पुस्तकाची फाइल उघडतो.

पुस्तक पुण्यातल्या जुन्या वाड्यांवर आहे. एका आर्किटेक्ट जोडप्यानं वाडे मोजून ड्रॉइंग केली, फोटो काढले, मजकूर लिहिला. १४४ पानं, आकार साडेआठ बाय अकरा इंच. २३ बाय ३६च्या कागदावर एका अंगाला आठ पानं बसतात, दोन्ही अंगांना मिळून सोळा, तो एक फर्मा. म्हणजे नऊ फर्मे. रंगीत फर्म्याला आठ प्लेटा लागतात: सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक, आणि पाठीमागे पुन्हा त्याच चार. नुसत्या काळ्या फर्म्याला दोन. फोटो पुस्तकभर पसरले असते तर ७२ प्लेटा झाल्या असत्या. ताईंनी आर्किटेक्टांशी दोन बैठका घालून रंगीत फोटो शेवटच्या चार फर्म्यांत आणले. आधीचे पाच फर्मे फक्त ड्रॉइंग आणि मजकुराचे. ३२ आणि १०, एकूण ४२. प्लेट ४०० रुपयांची धरली तरी १२,००० वाचले. छपाईत वाचले ते वेगळेच.

डिझाइन म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हा हिशेब दाखवीन. ताईंच्या बिलात मात्र त्याची ओळ नसते.

रंगीत फर्म्यांच्या प्लेटा कालच निघाल्या. आज काळे पाच पाठवायचे. सहायक स्क्रीनवर ब्लॅक बंद करून एकेक पान पुढे सारतो. काळं बंद केलं की पान कोरं दिसलं पाहिजे. पन्नास पानं कोरी जातात. ५७व्या पानावर एक जिना उरतो, फिकट जांभळट. कॅडमधून आलेली रेघ काळी दिसते खरी, पण ती चार रंगांची मिसळ असते. या फर्म्याला काळ्याखेरीज दुसरी प्लेटच नाही. तशीच गेली असती तर जिना अर्धाच छापला गेला असता. तो सगळ्या रेघा निवडून शुद्ध काळ्या करतो. पाव पॉइंटपेक्षा बारीक असलेल्या रेघा जाड करतो, कारण तेवढी बारीक रेघ कागदावर तुटते.

त्याच पानावर खाली लिहिलंय: प्रमाण १:५०. ताई आर्किटेक्टांना फोन लावतात.

"सर, ड्रॉइंग पानात बसवायला लहान केलंय. आता ते एकास पन्नास राहिलं नाही."

"मग काय लिहायचं?"

"आकडा काढते. खाली मीटरची पट्टी टाकते. ड्रॉइंगबरोबर तीही लहान-मोठी होते."

"बरं. सगळीकडेच टाका मग."

सगळीकडे म्हणजे ३८ ड्रॉइंग. जेवणाआधी होतील.

सकाळी १०:२५

दुसऱ्या टेबलावर शिकाऊ मुलगी आहे. कला महाविद्यालयाचं शेवटचं वर्ष, महिन्याला ८,०००. तिच्यापुढे छापलेल्या पानांचा गठ्ठा आणि लाल पेन.

मजकुराचा जुना भाग लेखकानं श्रीलिपीत टाइप केला होता. तो युनिकोडमध्ये आणताना 'पायऱ्या'च्या जागी 'पायर्या' झालं. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', 'कोपऱ्यात'चं 'कोपर्यात'. वाड्यांचं पुस्तक म्हणजे पायऱ्या पानोपानी. एका फटक्यात सगळं बदलता येत नाही, कारण 'कार्यालय', 'मर्यादा', 'सूर्य' बरोबरच आहेत. त्यांना हात लावला की तेच बिघडतील. म्हणून एकेक शब्द शोधायचा, वाचायचा, बदलायचा, पुढे जायचं. ओठ हलवत ती वाचते. मधूनच पेन थांबतं.

"ताई, हा ल बघा."

एका परिच्छेदात ल हिंदी वळणाचा आलाय. फाँटमध्ये मराठी ल आहे, पण तेवढ्या परिच्छेदाची भाषा हिंदी राहिली आहे. ताई वाकून भाषा बदलतात, ल वळतो. मजकुराचा फाँट मुक्ता. मुंबईच्या 'एक टाइप'नं केलेला, कुणालाही मोफत मिळणारा.

सकाळी ११:५०

पाच फर्मे प्रेसला गेले. पाठोपाठ त्याच आर्किटेक्टांच्या ऑफिसातून मेल येते. पेठेतल्या एका पुनर्विकासाचं माहितीपत्रक हवंय. सोळा पानं, ९०,००० रुपये, निम्मे आगाऊ. ताई लगेच 'हो' कळवतात. वाड्यांच्या पुस्तकाचा दर पानाला ३०० रुपये आहे.

दुपारी १२:३०

संग्रहालयाचा फोन. छोटा न्यास आहे, दालनाबाहेरचे आणखी सहा फलक हवेत, मराठी आणि इंग्रजी.

"अहो मॅडम, आमचा फ्लेक्सवाला चौरस फुटाला पंधरा रुपये घेतो."

"त्यात मजकूर कोण तपासतं?"

"मजकूर आम्हीच देऊ ना."

"आणि मागच्या बिलाचं?"

"सभा झाली की लगेच."

दुपारी १:१५

डबे. पोळी-भाजी तिघांची, ताक ताईंचं. वीस मिनिटं.

दुपारी २:००

नाटकाचा दिग्दर्शक येतो. पंचविशीचा, नोकरी आयटीत, तालीम रात्री. प्रयोग सुदर्शन रंगमंचावर आहे. ताईंनी नाटकाचं नाव चपट्या ब्रशनं सतरा-अठरा वेळा काढून कागद जमिनीवर पसरून ठेवलेत. नाव तीन अक्षरी. पहिल्या अक्षराचा काना आणि शेवटच्या अक्षराची वेलांटी एकमेकांशी भांडतायत. ताई शाईत ब्रश बुडवतात, बाटलीच्या काठावर निरपतात, श्वास धरून वेलांटी ओढतात. शेवट जरा फाटतो. त्यांना तो फाटलेलाच आवडतो.

"ताई, नाव जरा मोठं करता येईल?"

"येईल. मग तुझं लहान होईल."

तो हसतो. नाव आहे तेवढंच राहतं.

कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं अशी काढून ठेवली की वर्तमानपत्राच्या जाहिरातीत वाचण्याआधी अक्षरावरून नाटक ओळखू यायचं. आता जाहिरात मोबाइलवर फिरते. त्यामुळे एका पोस्टरचे चार आकार करावे लागतात: चौकोनी, उभा, आडवा, आणि नाट्यगृहाच्या फळ्यासाठी ए-थ्री. ए-थ्रीच्या पंचवीस प्रती, प्रतीला २५ रुपये, ते ६२५ दिग्दर्शक जागेवर देतो. डिझाइनचे ३,००० प्रयोगानंतर. दोन पास आत्ताच.

दुपारी ४:१५

ताई स्कूटरवरून धायरीकडे निघतात. सिंहगड रोड, पाऊस, पाऊण तास. प्रेसमध्ये शिरल्याबरोबर शाई आणि रॉकेलचा वास. १३० जीएसएमचा मॅट आर्ट पेपर कालपासून उघडा ठेवलाय. पावसाळ्यात कागद दमट होतो, ताणला जातो आणि चार रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत. हॉलची हवा त्याला आधी लागू द्यावी लागते.

चार कलरच्या मशीनवर काका आहेत. सेकंडहँड मशीन, काकांची त्यावर वीसेक वर्षं गेलेली. पगार २७,०००, ओव्हरटाइम वेगळा. कागद भरणाऱ्या पोराला दिवसाचे ६००.

पहिली शीट येते. ताई भिंग डोळ्याला लावून कडेच्या फुलीवर वाकतात. मॅजेंटाची फुली केसभर डावीकडे आहे. काका बटण दाबतात. दहा शीट पुढे. आता फुली एक झाली, पण वाड्याची दगडी भिंत गुलाबी दिसतेय.

"काका, दगड लाजल्यासारखा दिसतोय."

"फोटोच तसा आहे, ताई."

"फोटो संध्याकाळचा आहे. तरी एवढा नको."

काका त्या पट्ट्यातला मॅजेंटा उतरवतात. पुन्हा दहा शीट. भिंत राखाडीवर येते, पण शेजारच्या पानावरचं सागवानी दार मरगळतं. दोन्ही पानं एकाच पट्ट्यात, शाई एकच. दगड सांभाळायचा की लाकूड? ताई मधला मार्ग काढतात. थोडा मॅजेंटा परत. काका न बोलता देतात. ताई शीट खिडकीशी नेऊन उजेडात पाहतात, मग कोपऱ्यात तारीख घालून सही करतात. इथपर्यंत तास गेला आणि दीडशे शीट रद्दीत. पुस्तकाच्या प्रती ८००. मशीन सुरू झाल्यावर फर्म्याची ती बाजू दहा मिनिटांत छापून होते.

पाठीमागची बाजू उद्या, शाई वाळल्यावर. चहा काकांकडून.

संध्याकाळी ७:५०

परत पेठेत. सहायक आणि मुलगी गेलेत. मीटरच्या पट्ट्या सकाळीच पडल्या होत्या. 'पायर्या'ची यादी टेबलावर आहे, सगळ्या ओळींवर लाल खूण.

ताई बिलांना बसतात. पुस्तक: १४४ पानं गुणिले ३००, ४३,२०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ७,७७६. आर्किटेक्ट १० टक्के टीडीएस कापतील, ४,३२०. ते वर्षाअखेरच्या हिशेबात वळते होतील. ३८ पट्ट्यांचं काय लावायचं, यावर ताई थोडा वेळ थांबतात. काही लावत नाहीत.

मग संग्रहालयाचं जुनं बिल उघडतात, स्मरणपत्र पाठवायला. मे महिन्याचं बिल, १,१०,००० रुपयांचं. त्यावरचा १९,८०० रुपये जीएसटी ताईंनी २० जूनच्या आत स्वतःच्या खिशातून भरला. बिलाचे पैसे अजून यायचे आहेत.