बाबांची येझदी, माझी पहिली किक

शनिवार सकाळ. ऑफिसचं सगळं टोळकं लोणावळ्याला पळालंय आणि तुम्ही नाना पेठेत एका ऑइल सीलसाठी पाचव्या दुकानाची पायरी चढताय. बॉस, हा आजार एकदा जडला की सुटत नाही!

माझ्या आजाराचं नाव येझदी रोडकिंग, मॉडेल 1984. बाबांची पहिली गाडी. बारा वर्षं जिन्याखाली ताडपत्रीत पडून होती. मग सोसायटीची नोटीस आली, ‘महिन्याभरात हलवा.’ भंगारवाला भाव सांगून गेला. बाबा म्हणाले, ‘‘देऊन टाक. चालायची नाही ती आता.’’ पण त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. मग काय, पाना कसा धरतात हेही माहीत नसताना मी हात घातला.

पहिली चूक लगेच केली. आधी रंग! टाकी आरशासारखी चकाचक. मग कळलं, आत गंज आहे. तो काढायला केमिकल ओतलं, ते बाहेर ओघळलं आणि नवा रंग गेला. तेव्हा क्रम लक्षात ठेवा: कागद, इंजिन, ब्रेक-वायरिंग आणि सगळ्यात शेवटी रंग.

कागद : आरसी बुकातला इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळतो का, ते आधी बघा. पंधरा वर्षांनंतर रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं. 2021च्या नियमानुसार ‘व्हिंटेज’ म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी गाडी. म्हणजे माझी अजून तरुणच!

इंजिन : पिस्टन जाम असेल तर किकवर नाचू नका. प्लग काढून त्या भोकातून डिझेल सोडा आणि चार दिवस थांबा. माझा पिस्टन सुटला, पण बोअर झिजलेला निघाला. लेथवर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकला. टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये ऑइल विसरलात तर पुन्हा जाम!

पार्ट्स : येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना 1996ला बंद पडला. 2022मध्ये नाव परत आलं, पण ती नवी बाइक फोर-स्ट्रोक. तिचे इंजिन पार्ट्स आपल्या कामाचे नाहीत. म्हणून नाना पेठ आणि रविवारचा जुना बाजार पालथा घाला. जुना पार्ट मिळेपर्यंत मोडका फेकू नका, सँपल म्हणून तोच लागतो. उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, नट-बोल्ट लेबल लावून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. आणि बजेट? मनात धरलंय त्याच्या दुप्पट!

सात महिन्यांनी गाडी जोडून झाली. येझदीत किक आणि गिअर एकाच दांड्यात. आत दाबून वर फिरवला की किक. मी वीस किका मारल्या. ढिम्म. शर्ट घामानं चिंब, वरच्या गॅलरीत प्रेक्षक.

बाबा जिना उतरून आले. गुडघे गेलेत, किक मारणं त्यांना आता जमत नाही. शांतपणे वाकून बघितलं आणि म्हणाले, ‘‘पेट्रोलचा कॉक कोण उघडणार?’’

पुढच्या किकला ती बोलली. दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर, तोच जुना आवाज. बाबांनी काही न बोलता मागच्या सीटवरची धूळ हातानं पुसली आणि बसले.

‘‘हळू घे. पहिले पाचशे किलोमीटर रनिंग-इन असतं.’’

सोसायटीची नवी नोटीस आलीय. आता धुराची!