आधी चित्र लहान कर

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात फ्लॅश मारायला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. पण मग अंधारात काढलेला तिथल्या पद्मपाणीच्या भित्तिचित्राचा फोटो घरी उघडला की सावलीच्या जागी नुसते रंगीत ठिपके दिसतात. माझी भाची संभाजीनगरात प्रोग्रामर आहे. तिचा उपाय असा : एकाच जागी उभं राहून १६ फोटो काढायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची. चित्र जागचं हलत नाही, ठिपके मात्र दर फोटोत वेगळीकडे पडतात, त्यामुळे ते साधारण चौथाईवर येतात. अट एकच, फोटो एकमेकांवर नेमके बसले पाहिजेत. हातातला कॅमेरा तर हलतोच.

फोटो असे एकमेकांवर बसवणारा प्रोग्राम ती लिहीत होती आणि मी शेजारी बसलो होतो. एका फोटोत २.४ कोटी पिक्सेल. एक ओळ बदलायची, चालवायचं, वाट पाहायची. वाट पाहताना माणूस मोबाइल उघडतो आणि डोक्यातला धागा सुटतो; खरा वेळ तिथे जातो, असं मला वाटतं. तिने कोडला हात लावण्याआधी प्रत्येक फोटोतून पद्मपाणीच्या मुकुटाएवढा तुकडा कापून घेतला. आता उत्तर लगेच येऊ लागलं.

मग प्रोफायलर चालवला. कोणत्या कामात किती वेळ जातो, हे तो दाखवतो. तिचा संशय फाइली वाचण्यावर होता, पण वेळ खात होता तो फोटो सरकवून जुळवून पाहण्याचा भाग. चारी दिशांना ८० पिक्सेलपर्यंत शोधायचं म्हणजे २५,९२१ जागा तपासायच्या. तेच चित्र दोन्ही बाजूंनी आठपट लहान केलं, तर शोध १० पिक्सेलचा, जागा ४४१, आणि प्रत्येक वेळी तपासायचे पिक्सेलही चौसष्टपट कमी. ढोबळ जागा सापडली की चित्र टप्प्याटप्प्याने मोठं करत आसपासच्या मोजक्याच जागा पाहायच्या. कॅमेरा थोडा तिरकाही होतो, ती भानगड वेगळी.

यासोबत तिने एक चाचणी लिहून ठेवली : एक फोटो मुद्दाम ७ पिक्सेल उजवीकडे आणि ३ खाली सरकवायचा; प्रोग्रामने तेवढंच उत्तर द्यायला हवं. प्रत्येक बदलानंतर ही चाचणी आपोआप चालते. घाईच्या कामात नेमकं हेच ‘नंतर बघू’ म्हणून राहतं.

रंग आपोआप सुधारायचं मात्र तिने टाळलं. निजामाच्या काळात, १९२०च्या दशकात, इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लावलेलं लाखेचं व्हार्निश पुढे पिवळं पडलं. त्या पिवळेपणातला मूळ रंग किती आणि व्हार्निश किती, हे पिक्सेलच्या आकड्यांत लिहिलेलं नसतं. तेवढा भाग ती अजून हातानेच, सावकाश करते.